होडीत बसण्याआधी आभाळ पाहा

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण-नगर रस्त्याने घाट चढून गेले की आणे पठार लागते. घाटातला गुळुंचवाडीचा निसर्गनिर्मित दगडी पूल, रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची आमटी-भाकरी आणि पाण्याची टंचाई, ही या भागाची ओळख. गंमत अशी, की याच तालुक्याच्या पश्चिम अंगाला पिंपळगाव जोगे, माणिकडोह, वडज आणि येडगाव ही धरणे आहेत आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे. ही पाचही कुकडी प्रकल्पाची धरणे. पठार उंचावर असल्याने कालव्यांचे पाणी तिथे आपोआप चढत नाही. त्यामुळे पठारावरच्या माणसाची पाण्याशी ओळख आहे ती हंडा, टाकी आणि टँकर यांच्यातून.

याचा परिणाम पोहण्यावर होतो. ग्रामीण महाराष्ट्रातली मुले विहिरीत पोहायला शिकत आली, पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर रिकामा डबा बांधून. हे शिक्षण चालते उन्हाळ्याच्या सुटीत. दुष्काळी पट्ट्यात विहिरी तळ गाठतात तेही नेमके त्याच सुटीत. म्हणजे शिकायला वेळ असतो तेव्हा पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा शाळा असते. अशा गावातली मुले मोठी होतात, घरात गाडी येते, आणि रविवारी सगळे कुटुंब ओझरच्या विघ्नहराचे दर्शन घेऊन येडगाव जलाशयाच्या काठावर उभे राहते. समोर होडी असते. कधी पिंपळगाव जोगेच्या काठाने माळशेजकडे सहल निघते. जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला, त्यानंतर ही वर्दळ वाढतच चालली आहे. धरणाचे पाणी दिसायला संथ असते, आणि ज्याचा पाण्याशी संबंध कमी त्याला ते अधिकच संथ वाटते.

जुन्नर-आंबेगावचे हे पाणी पुढे कुठे जाते हेही पाहायला हवे. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. याच उजनीत २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे एक होडी निघाली होती. जमिनीवरून गेले तर मोठा वळसा पडतो, पाण्यातून थोड्या वेळात पलीकडे जाता येते. म्हणून काठावरच्या गावांची ही नेहमीची ये-जा. होडीत सात जण होते, त्यांत दोन लहान मुले. वाटेत अचानक जोराचा वारा सुटला आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकी सहा जण गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना पुढे दोन दिवस शोध घ्यावा लागला.

या घटनेतून बहुतेकांनी काढलेला धडा एकच, की पोहता यायला हवे. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. मे महिन्याची संध्याकाळ, उघडे विस्तीर्ण पाणी आणि बुटक्या काठाची होडी या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच अपघाताची तयारी झाली होती. त्यातली पहिली गोष्ट ज्याला वाचता येते, त्याच्यावर पोहण्याची वेळच सहसा येत नाही.

वळवाचा पाऊस कसा येतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत जमीन तापते, तापलेली हवा वर चढते आणि तीन-चारच्या सुमारास ढगांचे मनोरे उभे राहतात. या ढगांतून पाऊस खाली येऊ लागतो, तशी त्याच्याबरोबर थंड, जड हवाही कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते. पालथ्या तव्यावर पाण्याची धार सोडली की पाणी जसे सगळीकडे पळते, तसेच. ही थंड हवेची लाट पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. म्हणून पाऊस अजून दूर दिसत असतानाच वारा येऊन थडकतो. त्याआधी बऱ्याचदा हवा एकदम पडते, पान हलत नाही, जीव घुसमटतो. मग ओल्या मातीचा वास येतो. जमिनीवर हा वास सुखाचा. पाण्यावर मात्र तो आला की हातात काही मिनिटेच उरली आहेत असे समजायचे.

जमिनीवर या वाऱ्याला झाडे, घरे, बांध अडवतात. जलाशयावर अडवायला काहीच नसते. वारा पाण्यावरून जितका लांब मोकळा धावतो तितक्या लाटा मोठ्या होतात. पावसाळ्यानंतर भरलेल्या धरणात हे अंतर काही किलोमीटरचे असते. समुद्राच्या मानाने या लाटा लहान, हात-दीड हाताच्या. पण एकामागून एक, जवळजवळ आणि उभ्या. गावठी होडीचा काठ पाण्यापासून वीत-दोन वीत वर असतो, आणि माणसे जास्त बसवली की तेवढाही राहत नाही. हात-दीड हाताच्या लाटेला तेवढे पुरते.

पहिली लाट आत आली तर ती उपसून टाकता येते असे वाटते. इथे एक गोष्ट घरच्या परातीवरून समजून घेता येईल. परातीत पाणी भरून चालायला लागले, की परात जरा कलताच सगळे पाणी त्या बाजूला धावते आणि परात आणखी कलते. होडीच्या तळाशी साचलेले पाणी हेच करते. त्याच क्षणी घाबरलेली माणसे उठून उभी राहतात, उंच बाजूला सरकतात किंवा एकमेकांना धरतात. उभ्या माणसांमुळे होडीचा भार वर चढतो आणि उरलासुरला तोलही जातो. म्हणून वारा सुटला तर होडीतल्या प्रत्येकाने जागचे न उठता तळाशी बसावे, मुलांना पायांच्या मध्ये घ्यावे आणि होडी वाऱ्याला आडवी न ठेवता तिचे तोंड लाटांकडे ठेवण्याचे काम नावाड्यावर सोपवावे. सेल्फीसाठी एका बाजूला गोळा होणे हे वारा नसतानाही तितकेच घातक आहे.

वादळाबरोबर वीजही येते. मोकळ्या पाण्यावर होडीत बसलेला माणूस हा आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पाण्यावर थांबण्यात अर्थ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास कुठे विजा पडत आहेत ते दाखवते. ते फुकट आहे, आणि ज्या खिशात सेल्फीचा मोबाइल आहे त्याच खिशात ते मावते. त्याहून सोपा नियम म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये होडीची हौस सकाळी भागवावी आणि दुपारी तीननंतर पाण्यावर जाऊच नये.

धरणाच्या पाण्याचे आणखी काही धोके नदी किंवा समुद्रात सहसा भेटत नाहीत. धरणाखाली गावे गेलेली असतात. डिंभ्याच्या पाण्यात जुने आंबेगाव गेले, ज्याच्या नावाने आजही तालुका ओळखला जातो. उजनीत पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. पाणी कमी झालेल्या महिन्यांत अशा भिंती, विहिरी, झाडांचे बुंधे होडीच्या तळाला लागतील इतके वर येतात, पण दिसत नाहीत. उघड्या पडलेल्या काठावर वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा गाळ असतो, त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो. जिथे कमरेइतके पाणी होते तिथून दोन पावले पुढे जुन्या नदीचे पात्र असते आणि तळ एकदम सुटतो. शिवाय काठाकाठाने शेतीपंप आणि त्यांच्या पाण्यात लोंबणाऱ्या केबली. एखाद्या केबलीचे आवरण खरवडलेले असेल तर आसपासच्या पाण्यात वीज उतरते. मोटारींच्या जवळ होडी लावू नये, तिथे पोहायला तर मुळीच उतरू नये. जलपर्णी पंख्यात अडकून इंजिन बंद पडणे ही त्यामानाने किरकोळ तक्रार, मात्र वारा सुटलेला असताना तीही किरकोळ राहत नाही.

आता पाण्यात पडलेल्या शरीराचे काय होते ते पाहू. अचानक गार पाण्यात पडले की माणूस नकळत एक मोठा श्वास आत ओढतो. तो रोखणे आपल्या हातात नसते. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पहिलाच श्वास पाण्याचा. पुढचा मिनिटभर श्वास वेगाने चालतो, छातीत धडधडते, माणूस भांबावतो. यासाठी पाणी बर्फासारखे असावे लागत नाही. २५ अंशांच्या खालच्या पाण्यातही ही प्रतिक्रिया सुरू होऊ शकते, आणि हिवाळ्यात सकाळी जुन्नरकडच्या धरणांचे पाणी त्याखाली असते. हृदयविकार असलेल्यांना हा पहिला मिनिट विशेष धोक्याचा. चांगला पोहणाराही या मिनिटात हातपाय मारत राहिला तर दमतो. पाठीवर उताणे होऊन तोंड वर ठेवायचे आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत फक्त तरंगायचे, एवढेच या वेळी करावे. दारू पिऊन होडीत बसलेल्या माणसाला हे भान राहत नाही. तोलही त्याचाच आधी जातो.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो हे सिनेमात. प्रत्यक्षात ज्याला श्वास घेता येत नाही त्याला ओरडता कुठून येणार? त्याचे हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असते. लहान मूल अशा अवस्थेत अर्ध्या-एक मिनिटात दिसेनासे होते, तेही आवाज न करता. काठावरची माणसे ‘आत्ता तर इथे होता’ असे सांगतात ते खोटे नसते.

मग लाइफ जॅकेट. त्यामागचे गणित साधे आहे. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने पाण्यात माणसाचे वजन जेमतेम काही किलो भरते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला वर ठेवायला साठ-सत्तर किलोची ताकद लागत नाही, चार-पाच किलोचा आधार पुरतो. चांगले जॅकेट याहून जास्त उचल देते आणि मानेमागच्या कॉलरमुळे बेशुद्ध माणसाचेही तोंड वर राहते. तेच गणित टँकरच्या पाण्याची सवय असलेल्या पठारावरच्या माणसाला उपयोगाचे आहे. झाकण घट्ट लावलेला दहा लिटरचा रिकामा कॅन सुमारे दहा किलो उचल देतो. बुडणाऱ्याकडे फेकायला याहून सोयीची वस्तू गावात मिळणार नाही.

जॅकेट मात्र अंगात असावे लागते. बाकाखाली ठेवलेले, ‘मागितले तर देऊ’ म्हणून खुंटीला टांगलेले जॅकेट उलटलेल्या होडीत कोणाच्या हाती लागत नाही. वादळ आल्यावर ते घालू म्हणणे म्हणजे गाडी आदळत असताना सीटबेल्ट शोधणे. पट्टे आवळलेले नसतील तर ते पाण्यात वर सरकून तोंडावर येते. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर मूल त्यातून खाली निसटते. घातल्यावर मुलाच्या खांद्यांवरचे जॅकेट दोन्ही हातांनी वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत आले तर ते त्या मुलाचे नव्हे. त्या मापाचे दुसरे नसेल तर मुलाला होडीत बसवू नये. मुलाने कितीही भोकाड पसरले तरी चालेल. साडी नेसलेल्या स्त्रियांनी पदर आणि निऱ्या आवरून त्यावर जॅकेट घालावे. भिजलेले पातळ पायांत गुंडाळले की पाय मारता येत नाहीत.

प्रश्न फक्त हौसेच्या सहलींचा नाही. अमरावती जिल्ह्यात झुंज इथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले, ते एकमेकांचे नातलग होते. मुंबईजवळ १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले. बोटीत परवान्यापेक्षा जास्त प्रवासी होते. देशात २०२२ मध्ये बुडून मरण पावलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडाली, त्यांत १५ वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण ४३ टक्के. एखाद्या तापाने इतकी मुले गेली असती तर गावोगाव मोहीम निघाली असती.

कायदा आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्गत जलवाहतुकीचा नवा कायदा आला. यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, विमा, प्रशिक्षित चालक हे सगळे त्यात आहे. पण दूरच्या बॅकवॉटरला, सायंकाळी सहा वाजता, तो पाहायला कोणी नसते. प्रवाशाने निदान तीन गोष्टी विचाराव्यात: किती माणसांचा परवाना आहे, जॅकेटे किती आहेत आणि आज वाऱ्याचा अंदाज काय. उत्तर देताना होडीवाला चिडला तर ते उत्तरच समजावे.

कोणी बुडताना दिसले तर पाण्यात उडी घेणे हा शेवटचा उपाय. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. एकामागोमाग एक उतरून तीन-तीन माणसे गेल्याच्या घटना विहिरींवर आणि शेततळ्यांवर घडतात. काठावरून काठी, दोर, पिळलेली साडी पुढे करावी, कॅन नाहीतर ट्यूब फेकावी, आणि स्वतः पालथे पडून जमिनीला धरून राहावे. शेततळ्याचा तर वेगळाच त्रास. प्लास्टिकच्या निसरड्या अस्तरामुळे पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ज्याचे शेततळे असेल त्याने चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा. खर्च काही शे रुपयांचा आहे.

माणूस बाहेर काढल्यावर गर्दी काय करते? पाय धरून उलटे टांगते, गरगर फिरवते, पोट दाबते. हे सगळे ‘पाणी काढण्यासाठी’. फुप्फुसात गेलेले पाणी सहसा फार नसते आणि ते असे बाहेर येतही नाही. पोट दाबल्याने जठरातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याला मिठाच्या ढिगात पुरून ठेवले तर तो जिवंत होतो, असा एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तसूभरही तथ्य नाही, आणि मीठ आणायला जो वेळ जातो तोच त्या माणसाचा शेवटचा वेळ असतो.

श्वास थांबला की मेंदू चार ते सहा मिनिटे तग धरतो. नारायणगाव किंवा जुन्नरच्या रुग्णालयातून रुग्णवाहिका तेवढ्या वेळात धरणकाठी पोहोचणे शक्य नाही. १०८ ला फोन एकाने करावा आणि दुसऱ्याने तिथेच सुरुवात करावी. बुडण्यात आधी प्राणवायू संपतो, हृदय नंतर थांबते. म्हणून इथे नुसती छाती दाबून भागत नाही, श्वास आधी द्यावा लागतो. माणूस हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला सपाट जमिनीवर उताणे झोपवावे, हनुवटी वर उचलून नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने छाती वर येईल असे पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहाताने मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल असे ३० दाब द्यावेत, पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसण्यात वेळ घालवू नये. उलटी झाली तर मात्र कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. मदत येईपर्यंत किंवा माणूस स्वतः श्वास घेईपर्यंत थांबू नये. हे वाचून येत नाही, बाहुलीवर एकदा करून पाहावे लागते. ज्या धरणांवर होडी चालते तिथले नावाडी आणि मच्छीमार हे शिकले, तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होईल, कारण तिथे पहिल्या मिनिटाला हजर तेच असतात.

शुद्धीवर आलेल्या माणसाला लोक चहा पाजतात, कोरडे कपडे देतात आणि घरी घेऊन जातात. कपडे बदलून पांघरूण द्यावे हे बरोबर. पण पाणी नाकातोंडात गेलेल्या, खोकणाऱ्या, क्षणभरही बेशुद्ध झालेल्या प्रत्येकाला रुग्णालयातच न्यायला हवे. आत गेलेल्या पाण्याने फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू लागतात आणि पुढच्या काही तासांत दम वाढतो. सहा ते आठ तास रक्तातल्या प्राणवायूवर लक्ष ठेवून, छाती तपासून, सगळे ठीक असेल तर डॉक्टर घरी सोडतात. घरी आल्यावरही खोकला वाढला, धाप लागली, मूल गळून पडल्यासारखे दिसले किंवा अवेळी गुंगीत राहिले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच परत यावे.